उठताना काय धरता?

माय,

तुझे दोन शब्द मला अजून घाबरवतात. ‘बरं शे.’ कुणीही विचारलं तरी तुझं उत्तर तेच. अंगात ताप असो, नाहीतर घरात वडिलांचं दहावं चालू असो. आपल्याकडची ती रीतच होती आणि मी तिला कधी नाव ठेवलं नाही. पण धुळ्याच्या दवाखान्यात त्या दोन शब्दांनी तुझा जीव धोक्यात घातला होता. ते तुला नीट सांगायचं राहून गेलं.

तेव्हा मी तिथे रुग्णांची नावं पुकारायचो आणि साक्री-पिंपळनेरकडच्या लोकांचं बोलणं डॉक्टरांना उलगडून सांगायचो. रक्तदाबाची एक नवी गोळी माणसांना देऊन पारखणं चाललं होतं. त्यासाठी घेतलेले बहुतेक सगळे शहरातले पुरुष, दुकानात नाहीतर कचेरीत खुर्चीवर बसणारे. एकदा धीर करून मी विचारलं, "साहेब, आमच्या डोंगराकडचं कुणीच नाही? बायाही नाहीत?" डॉक्टर म्हणाले, "ती माणसं टिकत नाहीत रे. पेरणी आली की गायब, सण आला की गायब." मी मागेच लागलो तेव्हा म्हणाले, "घेतो. पण गळाली, तर पुन्हा मला शिकवायला येऊ नकोस." मग आपल्या गावातल्या रक्तदाब वाढलेल्या बाया पहिल्या एसटीने येऊ लागल्या. तूही त्यांच्यात. ही गोळी अजून पारखायची आहे, हे मी प्रत्येकीला आपल्या बोलीत सांगितलं होतं. तू म्हणालीस, "आपला आंगवर पारखी, मंग आपलेच कामे पडी."

श्रावणात कानबाई देवीच्या सणाला मी घरी आलो. तू चुलीपुढे बसून नैवेद्याचे रोट भाजते आहेस. रोट उतरवून उठतेस आणि एकदम मधला खांब गच्च धरून डोळे मिटतेस. हातातलं उलथनं निखाऱ्यात पडतं. तुझ्या लुगड्याचा पदर त्याच्यावर लोंबतो आहे. मी पदर ओढून घेतो. "माय, काय व्हयनं?"

"काही नही भाऊ. डोयामा धूर गया."

चूल रसरसून पेटलेली, धुराचा पत्ता नाही. खोदून विचारल्यावर तू सांगितलंस, "उठताना अंधारी येस. गोळी सुरू व्हयनी तवयपासून. पन डाक्टरले सांगू नको. त्यानी दवाई दिन्ही, आनि त्यानाच हातले नाव ठेवाले का?"

औषध देणाऱ्याला त्रास सांगायचा म्हणजे त्याच्या हाताला गुण नाही, असं त्याच्या तोंडावर म्हणायचं. तुला ते जमणार नव्हतं. मग माझ्या ध्यानात आलं, डॉक्टर ज्या बाईला ‘कसं वाटतंय’ विचारत, ती ‘बरं शे’ म्हणे, आणि मी तेच ‘बरं आहे’ असं शुद्ध करून पुढे देई. त्या रात्री कानबाईपुढे बसलो, पण मागायचं काय ते सुचेना. सांगावं तर डॉक्टर सगळ्यांची नावं काढून टाकणार. न सांगावं तर एक दिवस तू चुलीत पडणार.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "अक्का, कसं वाटतंय?" तू म्हणालीस, "बरं शे." मी म्हणालो, "साहेब, बरं नाही." आणि खांबाची हकीकत सांगितली. तू माझ्याकडे रोखून पाहिलंस. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे बायांना हे सोसत नाही. काढून टाकू या सगळ्यांना." मी म्हणालो, "नावं काढाल साहेब. पण उद्या गोळी दुकानात आली की याच बाया ती घेतील. तेव्हा त्यांना कोण विचारणार?"

डॉक्टर खुर्चीतून उठले. मग त्यांनी तुझी खुर्ची बाजूला केली आणि म्हणाले, "अक्का, घरी चुलीपाशी बसता तशा बसा बरं." तू मला म्हणालीस, "येवढा मोठा दवाखाना, आनि माले भुईवर बसाडतस?" थोड्या वेळाने त्यांनी तुला उठायला सांगितलं. उठताना तुझा हात आपोआप पुढे गेला आणि त्यांच्या टेबलाची कड पकडून थांबला. त्यांनी उभ्या उभ्याच तुझा रक्तदाब मोजला, तो एकदम खाली आला होता, आणि मोजून झाल्यावरही ते त्या हाताकडेच पाहत राहिले.

त्या दिवसापासून ‘कसं वाटतंय’ बंद झालं. प्रत्येकीला एकच प्रश्न, "उठताना काय धरता?" कुणी चौकट म्हणाली, कुणी कणगी. एक म्हातारी म्हणाली, "सूनना खांदा." मागून एकीने टोमणा मारला, "ती धरू देस का पन?" सगळ्या हसल्या. तू नाही हसलीस. गोळी अर्ध्यावर आणली आणि तुमची नावं राहिली. परतीच्या एसटीत साक्री येईपर्यंत तू खिडकीबाहेर पाहत होतीस. उतरताना एवढंच म्हणालीस, "तू मनी लाज काढी." पुढे खूप वर्षं जगलीस, पण मी तुझी लाज काढल्याचं तू पुन्हा कधी बोलली नाहीस.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. तुला वाचताही येत नव्हतं, गावाकडची पत्रंसुद्धा मीच वाचून दाखवायचो. आता शहरात, मेहरूणला राहतो, रक्तदाबाची गोळी मलाही लागली आहे. परवा इथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "काका, काही त्रास?" मी म्हणालो, "छे, बरं आहे." माय, सकाळी पूजा आटोपून उठताना मी देव्हाऱ्याची कड धरतो. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.