पैलवानाचं दूध

प्रिय दादा,

उद्या तुझं वर्षश्राद्ध. भटजींना निरोप गेलाय, डाळ भिजत घातलीय, तुझा फोटो पुसून ठेवलाय. एवढ्यासाठी काही मी पत्र लिहिलं नसतं. पण उद्या गडहिंग्लजहून माझे धाकटे दीर जेवायला येतायत, आणि जाताना ते तुझ्या कुत्र्याला कायमचे घेऊन जाणार होते. होते म्हणतेय, नीट वाच. काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहायला बसले. नाहीतरी तू असतास तर दारातूनच ओरडला असतास, "सुमे, पैलवान कुठाय?"

पैलवान! काय बघून नाव ठेवलंस रे? कुकरची शिट्टी झाली की हा पलंगाखाली. गल्लीतली मांजरं याच्या अंगावरून जातात. आणि हा म्हणे माझ्या दिरांच्या उसाची राखण करणार होता!

तू गेलास आणि वरच्या मजल्यावरून मी त्याला खाली आमच्याकडे आणलं. आणल्या दिवशी पहिलं काम काय केलं असेल? त्याचं दूध बंद. या दुधावरून आपलं किती वाजलंय, आठवतंय ना? जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, याला दूध पचत नाही, म्हणून सारखे जुलाब होतायत. तर तू त्यांच्या तोंडावर म्हणालास, "कोल्हापूरचं कुत्रं हाय बाई हे! त्याला म्हशीचं दूध सोसत न्हाय म्हंजे काय? लोक हसतील की!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं तिथं.

रोज सकाळी तू त्याला स्कूटरवर पुढं पायापाशी उभं करायचास आणि गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर न्यायचास. समोर म्हैस पिळून घ्यायचास, फेसाळ ग्लास रिकामा करायचास आणि मिशा पुसत घरी येऊन मला ऐकवायचास, "पाजून आणलं गं तुझ्या भाच्याला!" मी चिडायचे, तू हसायचास. पुढं त्याचे जुलाब थांबले तर त्याचं श्रेयही दुधालाच दिलंस. किती हेकट असावं माणसानं!

वर्षभर त्याची तब्येत मी चांगली राखली हो. उन्हाळ्यात डांबर तापायच्या आत फिरवून आणलं, पाण्याचं भांडं सावलीत ठेवलं. पावसाळ्यात बाहेरून आला की पायाची बोटंन्‌बोटं कोरडी पुसली, कानामागं गोचीड शोधली. लस चुकवली नाही. श्रावणात आपल्या घरात अंडं शिजत नाही, पण तुझ्यासारखं मी कुत्र्याला श्रावण पाळायला लावलं नाही. घरामागं परड्यात चूल मांडून वेगळ्या भांड्यात अंडं उकडलं त्याच्यासाठी. अंगावरचे केस कसे चकाकायला लागलेत!

पण तब्येत सुधारली तरी जीव काही थाऱ्यावर येईना. सकाळ झाली की बोळात तुझ्या स्कूटरपाशी जाऊन बसायचा आणि गळा काढायचा. मग दिवसभर येरझारा. आमच्या ह्यांच्या नव्या चपलांचं भुस्काट केलं. शेजारच्या काकू दोनदा भांडून गेल्या. ज्यानं त्यानं मलाच धरलं, दूध तोडलंस म्हणून करतोय असं! हे तर रोज म्हणायचे, "घाल की वाटीभर. मुकं जनावर हाय." मी नाही घातलं. पण दादा, रोज सकाळी ते रडणं ऐकून मलाही वाटायला लागलं होतं, आपण फार कठोर वागतोय का?

गणपतीत तर हद्द झाली. विसर्जनादिवशी दुपारपासूनच गल्लीच्या तोंडाला डॉल्बी सुरू. खिडक्या थडथड वाजत होत्या. पैलवान लटलट कापत होता, तोंडातून लाळ. एकदम सुटला तो जिना चढून वर, तुझ्या मोरीत! मागोमाग मी. बघते तर कोपऱ्यात तुझी जुनी गोधडी घडी घालून ठेवलेली, फळीवर रेडिओ, आणि शेजारी तुझं बसायचं स्टूल.

मंडळाचा एवढा जुना कार्यकर्ता तू, आणि हे कुत्रं घरात आल्यापासून दर विसर्जनाला तुझा गुडघा दुखायचा. घरीच थांबायचास. मी शेकायला गरम पाण्याची पिशवी द्यायचे आणि तू ती गपचूप घ्यायचास. बाकी वर्षभर कुठं जायचा रे तो गुडघा? मी दार लावलं, रेडिओ लावला, स्टुलावर बसले. थोड्या वेळानं पैलवान माझ्या पायावर हनुवटी टेकून पडला. मिरवणूक पुढं सरकेपर्यंत मी हलले नाही.

तरी सकाळचं रडणं काही थांबेना. दिवाळीत पुन्हा फटाक्यांचा ताप झाला, तेव्हा ह्यांनी निर्णय घेऊन टाकला. गडहिंग्लजला मोकळं रान आहे, तिथं शांत राहील. मी म्हटलं, दादाचं वर्षश्राद्ध तरी होऊ दे.

आता ऐक. परवा सकाळी, पाहुण्यांना जायला-यायला वाट हवी म्हणून ह्यांनी तुझी स्कूटर बोळातून बाहेर काढली. चालू होते का बघावं म्हणून किका मारल्या. वर्षभर बंद होती, तरी धूर ओकत झाली चालू! तो आवाज ऐकला मात्र, परड्यातून पैलवान जो सुटला, तो टुणकन पायापाशी चढून उभा! शेपूट तर अशी हलत होती! उतरवायला गेलं तर उतरेना.

"आता काय करायचं ह्याचं?" हे म्हणाले.

"चला की गंगावेशीत," मी म्हटलं आणि मागं बसले.

कट्ट्यावर गेल्यावर पैलवान स्वतःच उतरला आणि भिंतीकडेला जाऊन बसला. दूधवाल्यानं आम्हाला ओळखलं, तुझं नाव काढलं. त्याच्या हातात ग्लास बघून मी आधीच म्हणाले, "कुत्र्याला दूध देऊ नका हं, सोसत नाही त्याला."

तो बघायलाच लागला. "दूध? आक्का, त्येचं दूध दादांनी कवाच बंद केलतं की. डॉक्टरीणबाई बोलल्या त्याच आठवड्यात. खिशातनं भाकरीचा तुकडा आणायचे, त्यो खाऊन गप बसायचं बिचारं. वर मलाच दम, आमच्या सुमीच्या कानावर घालू नगंस, लई शेफारंल म्हणून."

लबाडा! मी तिथंच, म्हशीपुढं, सगळ्यांच्या देखत हसायला लागले आणि हसता हसता रडले. माझं ऐकलं होतंस तू, दादा. एकदा तरी कबूल करायचं होतंस की तोंडावर! आणि हे लेकरू वर्षभर दुधासाठी रडतच नव्हतं. त्याला फक्त सकाळची फेरी हवी होती, तुझ्याबरोबरची. ती तू गेल्यावर कुणी दिलीच नाही त्याला.

घरी आल्यावर पैलवान उंबऱ्यापाशी जो झोपला तो दुपारी जेवायलाच उठला. ह्यांनी मला न विचारता गडहिंग्लजला फोन लावला. "जेवायला ये, पर पैलवान मिळायचा न्हाय. दुसरं कुत्रं बघ," म्हणाले आणि ठेवला. काल आणि आज पहाटे स्कूटर त्यांनीच काढली. मला उठवलंसुद्धा नाही.

तेव्हा तू निवांत राहा. रोज सकाळी गंगावेस, खिशात भाकरीचा तुकडा, दूध नाही. श्रावणात अंडं, परड्यात. तुझी गोधडी आणि रेडिओ आहेत तिथंच राहतील, स्टूलही हलवणार नाही. आणि गल्लीत सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवलंय, येत्या विसर्जनाला माझा गुडघा दुखणार आहे.

तुझी शेफारलेली,
सुमी