लिफ्टने खाली जाऊ नकोस

अगं, गुडघ्याची गोळी घेऊन झोपलीस म्हणून उठवलं नाही. लिफ्टने खाली जाऊ नकोस. मी तिचा मेन स्विच बंद करून मोटरच्या खोलीला कुलूप लावलंय. किल्ली या चिठ्ठीखाली आहे, कंपनीच्या माणसाशिवाय कुणालाही देऊ नकोस. सेक्रेटरी आला तर सांग, काकांचं काल चुकलं.

काल त्याने मला मोटर तपासायला वर नेलं. मी नेहमीसारखा लांब स्क्रूड्रायव्हर बेअरिंगला टेकवला आणि मूठ कानाला लावली. चौतीस वर्षं लिफ्टचं दुखणं असंच ओळखत आलो. आवाज नव्हता, म्हणून म्हणालो, "दहा वर्षं हात लावायला नको." संध्याकाळी नातीला खाली नेत होतो, तर लिफ्टमध्ये तिने दोन्ही कान गच्च दाबले. म्हणाली, "आजोबा, केवढी किंचाळतेय ही." मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

यंदा आणखी तीन इमारतींना मी असंच सांगून बसलोय. नंबर डायरीत आहेत, पोराला आधी तिथे फोन करायला लाव. मला फोनवरचं हल्ली धड कळत नाही.

"कानात बोळे घातलेत का," असं तू म्हणायचीस आणि मी तुझ्यावरच डाफरायचो. आज कानाच्या डॉक्टरकडे चाललोय. तिथे माझं नाव पुकारलं तर मला कळेल का, हीच धास्ती आहे. तू बरोबर हवी होतीस. पण पाच मजले आहेत, आणि लिफ्ट मीच बंद केलीय.