रोममध्ये समईची चौकशी

डिमोना,
रविवार, १७ जून १९६२

वडील नणंद सौ. फ्लोराबाई यांना,

धाकट्या भावजयीचे, रिव्काचे, वाकून शालोम. जॉशुआरावांचा गुडघा आता कसा आहे? इथले डॉक्टर गुडघ्याला वाळूचा शेक सांगतात. म्हणाल तितकी वाळू पाठवू, आमच्याकडे तेवढीच एक वस्तू मुबलक आहे (खिडक्या लावून घेतल्या तरी वरणात येते). आम्ही सगळे परमेश्वराच्या कृपेने सुखरूप आहोत. ह्यांचं कापडाच्या कारखान्यातलं काम चालू आहे, मी सकाळी दवाखान्यात नंबराच्या चिठ्ठ्या देते, आणि आमच्या मुलीला, जेरुशाला, सतरावं लागलं. तिला मराठीत काही विचारलं की ती हिब्रूत उत्तर देते, तेही दाराबाहेर गेल्यावर.

तुमचं पत्र पोचलं. आईंना ठाण्याला परत पाठवा, हाइमभाऊंचं कुटुंब सप्टेंबरात मुंबईला परत निघालं आहे त्यांच्या सोबतीनं येतील, तिकीट आम्ही काढतो, असं तुम्ही लिहिलंत. त्याला ‘हो’ म्हणून कळवायला ह्यांनी मला टेबलाशी बसवलं आहे. तेव्हा हो. पण नुसतं हो लिहून पाकीट बंद करणं मला बरं वाटत नाही. सात वर्षांत माणूस बदलतं. तुमच्या घरी कोण येणार आहे ते तुम्हाला आधी माहीत असावं, मागाहून रिव्कानं सांगितलं नाही असं नको. म्हणून रोमची हकिगत लिहिते.

रोमला आम्ही गेलो तेही तुमच्यामुळेच. तुमचं पहिलं बोलावणं हिवाळ्यात आलं तेव्हा आई लगेच म्हणाल्या, “जाते मी. इथं बघायला आहे काय? वाळू आणि यित्झहाकचं तोंड.” (ह्यांचं तोंड तुम्हाला ठाऊक आहे.) हे घाबरले. आईला कंटाळा आला आहे, तिला एखादं मोठं शहर दाखवू म्हणजे राहील, असं ह्यांनी ठरवलं. ह्यांचा मावसभाऊ एफ्राइम बोटीवर भांडाराचा कारकून आहे, त्याच्या वशिल्यानं खालच्या वर्गाची चार तिकिटं मिळाली आणि पेसाहचा सण झाल्यावर आम्ही हैफाहून निघालो. कारखान्यातल्या एका साहेबांनी ह्यांना रोममधल्या अकरा ठिकाणांची यादी टाइप करून दिली होती. ती यादी हे कोटाच्या आतल्या खिशात ठेवून दर तासानं चाचपून बघत.

आईंनी सामान बांधलं ते मात्र स्वतःच्या यादीनं. चपात्या, लसणीची चटणी, पोहे, गूळ, आणि एक नारळ. (नारळ शेजारच्या ॲलिसनं मुंबईहून आणलेला. इथं नारळ बघायला शेजारणी येतात, इतका दुर्मिळ.) समुद्र सुखरूप ओलांडला की एलियाहू हानाबीच्या नावानं पोहे-गूळ-खोबऱ्याचा मालिदा करीन, असा त्यांचा नवस होता. नेपल्सच्या कस्टमवाल्यानं नारळ उचलून कानाशी हलवला. आत काहीतरी हललं. त्यानं दुसऱ्याला बोलावलं, त्यानंही हलवला. तिसरा आला तो हात लावायला तयार होईना, लांबच उभा राहिला. फळ आहे, असं मी इंग्रजीत सांगितलं, पण दाढी असलेलं फळ त्यांना पटेना. शेवटी आईंनी नारळ दुसऱ्याच्या हातातून काढून घेतला, दगडी पायरीवर दोनदा आपटला, पाणी त्याच्याच कपात ओतलं आणि खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. “खा रे बाबा, तुझ्या लेकराबाळांचं भलं होईल.” मग पोहे-गूळ निघाले, आणि तिथंच ट्रंकांच्या मधोमध, बघायला जमलेल्या कस्टमवाल्यांसमोर मालिदा झाला. प्रार्थनेला दहा पुरुष नसताना मालिदा कसला, असं हे कुरकुरले. आईंनी बोटांवर मोजून दाखवलं. “कस्टमचे नऊ आणि तू दहावा.”

आता समईचं. रोममध्ये पहिल्याच सकाळी यादीतलं पहिलं ठिकाण म्हणून ह्यांनी आम्हाला जुन्या पडझडीत नेलं. तिथं एक दगडी कमान आहे. आपलं यरुशलेमचं मोठं मंदिर, बेथ हमिकदाश, मोडून रोमन लोक परतले त्याची ती कमान. आतल्या बाजूला शिपाई आपली सात दिव्यांची समई खांद्यावर वाहून नेताना कोरले आहेत. हे टोपी सारखी करून उभे राहिले, डोळे भरून आले होते. कमानीखालून आपण जायचं नाही, बाजूनं जायचं, असं त्यांनी आम्हाला हळू आवाजात सांगितलं. आई बाजूनंच गेल्या, पण मान वाकडी करून पुष्कळ वेळ बघत राहिल्या.

“ही आपली का?”

“आपली, आई. लुटून आणली.”

“असे धरतात होय समई? तिरकी? तेल सांडेल सगळं.” मग, “आता कुठं आहे ती?”

“कुणाला माहीत. हरवली.”

“एवढी मोठी सोन्याची वस्तू हरवते कशी? कुणी विचारलंच नसेल.”

झालं. ह्यांची यादी तिथंच संपली, फ्लोराबाई. त्या क्षणापासून, शेजारणीनं लग्नाला म्हणून नेलेलं पातेलं परत मागावं, तसं आईंनी अख्ख्या रोमला समई विचारायला सुरुवात केली. खानावळीच्या मालकिणीला विचारलं, चौकातल्या पोलिसाला विचारलं, कारंज्याशी पाय धुणाऱ्या दोन जर्मन बायकांना विचारलं (त्या तिथून लगेच गेल्या). बोलायचं मी. मराठीचं इंग्रजी करायचं, समोरच्याला इंग्रजी येत नसलं तर हातांनी सात दिवे करून दाखवायचे. जेरुशा दहा पावलं मागं राहून “दाय, सावता, दाय!” म्हणजे पुरे, आजी, पुरे, असं ओरडायची. आई तिला म्हणायच्या, “पुरे काय? अजून अर्धं गाव राहिलंय.”

खरं सांगू का, पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सवय झाली. तिसऱ्या दिवशी मीच एका जुन्या सामानाच्या दुकानाच्या काचेला नाक लावून आत काही चकाकतं का ते बघत होते. चव्वेचाळीस वर्षांची झाले, पण आजवर कुणाला काही विचारायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. मुंबईत शाळेत तशीच, इथं दवाखान्यात तशीच. आईंचा निरोप म्हणून विचारताना मात्र चिकटत नव्हती. लोक हसत, पण थांबत. एका म्हाताऱ्या फळवाल्यानं आम्हाला बसायला खोकी दिली, आणि आपल्या हरवलेल्या घड्याळाची गोष्ट सांगितली. निदान मला ती घड्याळाची वाटली.

चौथ्या दिवशी यहुद्यांच्या जुन्या गल्लीत एका कापडवाल्याला विचारलं. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, बाई, आमच्या आज्या सांगायच्या की ती पोपच्या तळघरात आहे. हे त्यानं बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई चापूनचोपून नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन तयार. “चल. पोपकडे.”

पोपच्या मोठ्या देवळाशी पोचल्यावर ह्यांनी आत यायला साफ नकार दिला. म्हणाले, ते दुसऱ्यांचं देऊळ, तुम्हाला छत बघायचं तर बघून या, मी बाहेर सामान धरतो. दारावरच्या माणसानं जेरुशाचे उघडे दंड बघून तिला अडवलं. माझा फ्रॉक गुडघ्यापर्यंतच आणि डोकं उघडं, म्हणून मला आपादमस्तक न्याहाळलं, मग आईंची शाल डोक्यावरून घेतल्यावर सोडलं. आईंना मात्र त्यानं मान लववून वाट दिली. (गेली सात वर्षं आम्ही त्यांना सांगत आलो, नऊवारी सोडा, चारचौघांत बरं दिसत नाही.)

आत गेल्यावर आपण मुंगी होतो. आईंची नजर मात्र लगेच विचारायला माणूस शोधू लागली. खांबाशी एक गणवेशातला वृद्ध चोपदार उभा होता, त्याच्याकडे मला ढकलून म्हणाल्या, “विचार.” फ्लोराबाई, त्या जागी, त्या माणसाला, तुमच्या मालकांच्या तळघरात आमचा चोरीचा माल आहे का, असं विचारायचा धीर मला झाला नाही. मी विचारलं, “मोरी कुठे आहे?” त्यानं अदबीनं डावीकडे आणि खाली हात दाखवला. आईंनी माझा दंड घट्ट धरला. “बघितलंस? खाली आहे म्हणतो.”

मी मान डोलावली. ते माझं पाप.

तिथंच उजव्या हाताला त्यांच्या एका संताचा, बसलेल्या पुरुषाचा, काळ्या धातूचा पुतळा आहे. लोक रांगेनं येऊन त्याच्या पायाला हात लावत होते, तो अंगठा झिजून झिजून गुळगुळीत झालेला. आईंनी विचारलं, हे कोण. मी जेवढं शाळेत शिकले तेवढं सांगितलं. नाव शिमोन, तबेरियाच्या तळ्यावर मासे धरायचा.

“तबेरियाचा? म्हणजे आपल्याकडचा?”

“हो.”

“कोळी?”

“हो, आई.”

त्या रांगेत शिरल्या. मला वाटलं, नुसतं जवळून बघतील. तर पाळी आली तशी त्यांनी आपले दोन्ही हात पुढं केले, आपण ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना संपल्यावर एकमेकांशी करतो तशी त्या पितळी पावलाशी हातबोशी केली, आणि आपली बोटं ओठांना लावली. वर मोठ्यानं, स्वच्छ मराठीत: “शालोम, शिमोनभाऊ. आम्ही तुमच्याच गावाकडचे. डिमोनाचे, जरा खाली. तुमच्या तळघरात आमची समई आहे म्हणतात, तेवढी सांभाळा. कुणीतरी येईल न्यायला.”

मागं वळले तर हे उभे. आम्हाला उशीर झाला म्हणून बघायला आत आले होते, जेरुशाच्या अंगावर बापाचा कोट. ह्यांचा चेहरा चुन्यासारखा. रब्बीच्या घरात वाढलेल्या बापाचा मुलगा, आणि आई परक्या देवळात पुतळ्याचे पाय धरून उभी. जेरुशाला हसू आवरेना, तिनं तोंडात कोटाची बाही कोंबली.

ह्यांनी बाहेर येऊन एवढंच म्हटलं, “आई, तू मूर्तीच्या पाया पडलीस.” आई म्हणाल्या, “पाया कुठं पडले? गाववाला भेटला, हात दिला. त्याचा हात वर होता, पाय खाली, मी काय करू?” त्यानंतर हे आईशी बोलले नाहीत. रोममध्ये नाही, बोटीवर नाही, बिएरशेबाच्या बसमध्ये नाही. घरी आल्यावर मला म्हणाले, “फ्लोराला लिही. तिकीट पाठव म्हणावं.” ते आईंनी ऐकलं, आणि आतून म्हणाल्या, “लिही, लिही. जातेच मी.”

तेव्हा असं माणूस तुमच्याकडे येत आहे. ठाण्याच्या तलावाशी, स्टेशनात, कलेक्टर कचेरीत, कुठं कुणाला काय विचारतील याचा नेम नाही. जॉशुआरावांच्या साहेबांना घरी बोलावत असाल तर विचार करून बोलवा. माझं कर्तव्य मी केलं. मुलांना आशीर्वाद.

तुमची,
रिव्का

ता. क. कोकमं पाठवता आली तर पाठवा. मागची संपली.

ता. क. दुसरा. वर मी ‘हो’ लिहिलं आहे ते ह्यांनी सांगितलं म्हणून. माझं उत्तर नाही असं आहे. फ्लोराबाई, तिकीट काढू नका. आई तुमच्या आहेत, माझा हक्क नाही, हे मला कळतं. तुम्ही घाबरून जावं म्हणून मी ही सगळी हकिगत लिहिली, आणि लिहिता लिहिता मीच घाबरले. सात वर्षं कुणीही विचारलं की आई सांगायच्या, आम्ही ठाण्याचे. त्या दिवशी पहिल्यांदा डिमोनाचे म्हणाल्या, आणि ते माझ्या एकटीच्याच लक्षात आलं. हे दिवसभर मशिनांच्या आवाजात असतात, घरी येऊन गप्प बसतात. मुलगी हिब्रूत बोलते. मी दुपारी दवाखान्यातून येते तेव्हा आई दारातच विचारतात, आज कोण कोण आलं होतं, कुणाला काय झालं, तू काय म्हणालीस. त्या विचारतात म्हणून माझ्याकडे सांगायला काही असतं. ह्यांना कळू देऊ नका. राग उतरला की मी बघते.

ता. क. तिसरा, आईच्या हातचा. फ्लोरा, पाकीट डकवायला रिव्कानं माझ्याकडे दिलं, म्हणून सगळं वाचलं. अक्षर चांगलं आहे तिचं. तो चोपदार मोरी दाखवत होता हे मला तेव्हाच कळलं होतं, पाटीवर चित्र होतं. यित्झहाकचा राग त्याच्या बापासारखा, शनिवारच्या शब्बाथपर्यंत टिकतो; पत्र आठवडाभर माझ्याकडेच राहिलं, राग काल उतरला. मी कुठं जात नाही. हिला एकटीला सोडून जाऊ कशी, ही दुकानात मीठसुद्धा मागत नाही. पण हे इथं कुणाला कळवू नकोस. तू बोलावलंस म्हणून यित्झहाकनं मला रोम दाखवलं. खालची मिरियम सांगते, पॅरिसला पोपच्या देवळाहून मोठा राजवाडा आहे, लांबलांबच्या वस्तू आणून ठेवल्या आहेत. तेव्हा सुक्कोथचा सण झाला की मला पुन्हा बोलावणं धाड. या खेपेला जरा कडक लिही.