आमच्या घराण्यातला साप

लोणावळे, डिसेंबर १९३८

तीर्थरूप अंबाजीमामा यांच्या पायांवर कस्तुराचा नमस्कार पोचावा. (नमस्कार मनापासून आहे, खालचा मजकूरही. वाचणाऱ्याने सगळं मोठ्यानं वाचावं, कंसातलंसुद्धा.) तुमचा दमा, मामींचा गुडघा आणि काळी म्हैस यांची खुशाली कळवावी. माझी खुशाली तुम्हाला कळलेलीच दिसते, म्हणून तर तुमच्या बजरंग गड्याच्या तोंडी निरोप धाडलात, की "शालूचं लगीन हुईस्तवर कस्तुरानं पिशवी काढू नये, सोयऱ्यांत बोभाटा हुईल." मामा, गर्भाची पिशवी म्हणजे भाताचं पोतं नव्हे, खळं उरकल्यावर सावकाश उचलायला!

राग निवावा म्हणून दोनदा पत्र फाडलं. निवला नाही.

पाळी थांबून वर्ष उलटल्यावर मला पुन्हा रक्त जाऊ लागलं, म्हणून पुण्याला डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आतून खरवडून तुकडा काढला, सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि गर्भाशयाचा कर्करोग आहे असं सरळ सांगितलं. (सरळ बोलणारं माणूस पाहून मला रडू आलं, आपल्याकडे सवय नाही.) वेळेवर आलात, पिशवी काढली तर बऱ्या व्हाल, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, आई कशानं गेली? मी म्हटलं, तापानं. माझ्या लग्नाच्या बोलणीत तुम्ही तेच सांगितलं होतं. पण सोबतीला उर्शाहून माझी थोरली बहीण धोंडाक्का आणि तिची सासू बयाबाई आल्या होत्या. बयाबाई उसळल्याच, "ताप कुटला? इहीन सापानं गेली! आंबाजीभाऊंनी सोयरिकीला सोता सांगितलं. रोगाच्या घरची पोरगी आमी केली असती व्हय?" बाईंनी मावशीचं विचारलं. मी म्हटलं विहिरीत पाय घसरून, बयाबाई म्हणाल्या वीज पडून. आजीचं तर कुणालाच धड ठाऊक नव्हतं. बाईंनी टाक खाली ठेवला. "तुमच्या घराण्यात बायकांना भलतीच संकटं गाठतात," म्हणाल्या. एकेका सोयरिकीला एकेक मरण वाटलंत मामा, पण कुणाला कुठलं दिलं ते तरी आम्हाला सांगून ठेवायचं होतं.

तेव्हा धोंडाक्का, जी सासूपुढे कधी तोंड उघडत नाही, ती भिंतीकडे बघत बोलली, "ताप न्हाई नि साप बी न्हाई. आईची लुगडी मीच वड्यावर धूत हुते, वरीसभर. मामांनी शपथ घातलीवती."  आता बयाबाई सुनेला माहेरी धाडणार, असं मला वाटलं. तर त्या डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाल्या, "मंग हिला बी बघा की, आलोयच तर!"

बाई म्हणाल्या, काही घराण्यांत हा रोग पुन्हा पुन्हा दिसतो; तिथल्या बायकांनी अवेळी रक्त गेलं की लपवू नये. आईकडून उतरतो तसा बापाच्या वाटेनंही उतरत असावा. तुमची लेक शालू माझ्या आजीचीच नात आहे, मामा. मधे तुमच्या मिशा आल्या म्हणून वाट बंद होत नाही.

आईच्या वेळी मावळात डॉक्टरीण कुठली, हे मलाही कळतं. तुमच्यावर अन्याय होऊ नये म्हणून तेवढं लिहिते. पण मावशी मी कॉलेजात असताना गेली. तेव्हा पुण्यात डॉक्टरीण होती, जायला गाडी होती, आणि मला कॉलेजात घालायला साऱ्या भावकीशी भांडलेले तुम्हीही होतात. ते धैर्य कुठं गेलं?

मामींना नमस्कार. म्हशीला पेंड.

तुमची लाडकी (अजून असेन तर)
कस्तुरा

ता. क. तुम्हाला अक्षरओळख नाही आणि घरात वाचणारी एकटी शालू. म्हणजे एव्हाना तिनं सगळं वाचलं आहे. ते मी मुद्दाम केलं. शालू, रडू नकोस, पुढचं वाच. आजी आणि माझी मावशी, म्हणजे तुझी आत्या, त्याच रोगानं गेल्या का, ते बाईंना हवं आहे. मामांना तो शब्द उच्चारवत नसेल तर नुसतं "व्हय" म्हणू देत. तू लिहून धाड.

दुसरी ता. क. सोमवारी पुण्याला शस्त्रक्रिया आहे. मामा, मला फार भीती वाटते. आई गेल्यावर मी रडायचं थांबावं म्हणून तुम्ही मला खांद्यावर बसवून वडगावच्या फाटकाशी गाडी दाखवायला न्यायचात. या. येताना शालूला आणा. मी टेबलावरून उठले नाही, तर कशानं गेली म्हणून लोक बाहेर तुम्हालाच विचारतील. तुम्ही काय सांगता, ते तिनं ऐकायला हवं.