प्राजूवर नजर ठेवायची वही

५ एप्रिल, शनि.
हाफ डे टाकून शाळेत गेलो. दहावीच्या पालकांची सभा. विषय, मुलांच्या पुढच्या शिक्षणात पालकांनी काय करावं. वाटलं, एखादा क्लासवाला आणून बसवला असणार. तर कुणीच नाही, फक्त वर्गशिक्षिका थोरात मॅडम. म्हणाल्या, महिनाभर मुलांना सल्ला देऊ नका. विचारूही नका. कुणी न सांगता मूल आपणहून काय करतं तेवढं रोज वहीत लिहा, मग भेटू.
फुकट सल्ल्यासाठी कोण आपला शनिवार घालवतं? पाणी कुठंतरी मुरतंय.
तरी वही आणली. ही. मॅडमना दाखवायला दुसरी एक पातळ वही करीन, तिच्यात 'मुलगी अभ्यासू व आज्ञाधारक आहे' वगैरे. ही माझी. वीस वर्षं पिरंगुटच्या कंपनीत स्टोअर सांभाळतोय. न विचारता बघायला मला कुणी शिकवायला नको. चार बोल्ट कमी झाले तर कुणाच्या खिशात आहेत ते मी चालीवरून सांगतो.

७ एप्रिल, सोम.
प्राजू नऊला उठली. परीक्षा संपल्यापासून रोज नऊ. मोबाइल पालथा ठेवते. पालथा का?
अकरावी सायन्सचं माझं ठरलेलं आहे. बावधनचा क्लास, मग कॉम्प्युटर. मेहुण्याचा मुलगा त्याच वाटेने गेला, आज सूसला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. क्लासचं माहितीपत्रक टीव्हीखाली ठेवलंय, तिला दिसेल असं. सल्ला दिलेला नाही, कागद ठेवलाय फक्त.
संध्याकाळी त्यावर आमटीचं पातेलं. सौ. म्हणते, "मीच ठेवलं, टेबल भाजत हुतं." ही पण सामील दिसते.

१० एप्रिल, गुरु. सुट्टी.
चारला टोपी घालून निघाली. टोपी! "मैत्रिणीकडं जातीय." दोन तासांनी आली. चपलेला माती, सलवारीला कुसळं, उजव्या हाताच्या बोटांना लाल रंग. नेलपॉलिश नव्हे, ऑइलपेंट. स्टोअरला डबे मीच मोजून देतो, मला कळतं. मोरीत बसून रॉकेलने बोटं घासत होती. मी गप्प. मॅडमचा नियम. 

१३ एप्रिल, रवि.
तिची सॅक बघितली. बघणं म्हणजे निरीक्षणच.
एक कागद सापडला, घडीवर घडी घातलेला. नुसते आकडे. १००.०००, ९८.४६५, ९७.२१०. शेजारी शब्द : विहीर, कोपरा, आंबा. फोन नंबर नाहीत, मार्क नाहीत. क्रिकेटवरचा सट्टा? कुणाशी भेटायच्या खुणा? 'आंबा' म्हणजे कुठला आंबा?
सौ.ला दाखवला. म्हणाली, "तुमच्या डोक्यात चोवीस तास पोलीस चौकी. पोरीला विचारा की सरळ."
विचारायचं नाही असं शाळेनं सांगितलंय, म्हटलं.
"मग सॅकमदी हात घालायला शाळेनं सांगितलंय व्हय?"
हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

१५ एप्रिल, मंगळ.
कळलं. गिरणीत दळणाला उभा होतो, गिरणीवाला म्हणाला, "तुमची प्राजू रोज बबनदादाकडं दिसती. बोलाय लागला काय तुमी?"
पिठासकट घरी कसा आलो ते आठवत नाही.
बबनदादा माझा सख्खा चुलत भाऊ. बोलणं बंद होऊन अकरा वर्षं झाली. दोघांच्या भातखाचरांमधला पूर्वेचा बांध त्याने माझ्या बाजूला सरकवला असं मी म्हणतो. मी सरकवला असं तो म्हणतो. त्याने रस्त्याकडेला चार खोल्या बांधून भाडेकरू ठेवलेत. पोरीला काय देतो तिथं? गोड बोलून हाताशी धरायची, घरातलं काढून घ्यायचं. कागदपत्रं कुठल्या पेटीत आहेत ते प्राजूला माहीत आहे.
पेटीचं कुलूप बदललं.

१७ एप्रिल, गुरु.
मागे गेलो. हो, गेलो.
बबनदादाच्या घरात शिरली नाही. शेवटच्या खोलीतून एक बाई निघाली, तिशीची, डोक्याला रुमाल, खांद्यावर तीन पायांचं तिकाटणं. दोघी माळाला लागल्या, जिथं बंगल्यांचे प्लॉट पाडायचं चाललंय. मी करवंदीच्या जाळीआड. ओरबाडलो सगळा.
मोजणीवाली बाई. तिकाटण्यावर मशीन लावून ती लांब बसली. प्राजू आरसा लावलेली काठी घेऊन उन्हात उभी. बाई हात करेल तशी डावीकडे, उजवीकडे, वीतभर पुढे. काठीवरच्या बुडबुड्यावर डोळा, काठी ढळू द्यायची नाही. मग दगडावर लाल रंगाची फुली. पुन्हा पुढचा दगड. दीड तास. घरी ही पोरगी देवाला दिवा लावायला पाच मिनिटं एका जागी उभी राहत नाही.
मुलगा बिलगा कुणी नाही. बरं वाटलं. लगेच वाटलं, मग त्याहून मोठं काहीतरी असणार. मोजणीवाली आणि बबनदादाच्या खोलीत? योगायोग मी मानत नाही.

१९ एप्रिल, शनि.
नियम मोडला. जेवताना विचारलं.
लपवलं नाही तिने. बाई गायकवाड मॅडम, लातूरकडच्या. काठी धरणारा त्यांचा माणूस जत्रेला गावी गेला, ही रस्त्यात बघत उभी होती, तेव्हापासून. सॅकमधला कागद म्हणजे जमिनीचे चढउतार. आंबा म्हणजे आंब्याचं झाडच.
"पप्पा, मला अकरावी न्हाई करायची. सिव्हिलचा डिप्लोमा करायचाय. मोजणी शिकायचीय."
"हे तुला बबननं पढवलं."
"बबनकाका मला पाणी सुदिक विचारत न्हाई. तुमची पोरगी म्हणून."
सौ. तोंडाला पदर लावून हसली की रडली, कळलं नाही. मी ताटावरून उठलो. उन्हातान्हात काठी घेऊन हिंडायला शिकवली का हिला? आणि सॅक उघडली ते कसं कळलं तिला? मी तर कागदाचं नावही काढलं नव्हतं. सौ.नेच सांगितलं असणार.

२३ एप्रिल, बुध.
थोरात मॅडमकडे गेलो. म्हटलं, तुम्ही गप्प बसायला लावलं आणि पोरगी हातची चालली. डिप्लोमावाल्यांशी तुमचं काही ठरलंय का?
रागावल्या नाहीत. पातळ वही मागितली, वाचली, बाजूला ठेवली.
"खरी वही घरी आहे ना? तिच्यात ती कुठं जाते ते असेल. तिला काय जमतं, ते लिहिलंय का एकदा तरी?"
खरी वही आहे हे यांना कसं कळलं?
येताना गाडीवर आठवत होतो. लिहिलंय. काठी ढळत नाही, ते. तेवढंच.

२ मे, शुक्र.
आठ दिवस घरात बोलणं 'मीठ दे' एवढंच. ती मात्र जाते. आता सांगून जाते, "मोजणीला चाललीय."
काल सुट्टीच्या दिवशी एक डोक्यात आलं. एवढी शिकलीय ना? मग आपला पूर्वेचा बांध मोजू दे. सरकारी मोजणीचा जुना नकाशा वडिलांच्या वेळचा पेटीत आहे. बबनदादाच्याच भाडेकरणीच्या मशीनने त्याची चोरी बाहेर पडेल. वर पोरगी खरंच शिकलीय की नुसती हिंडतीय तेही कळेल. एका दगडात दोन पक्षी.
तिला म्हटलं, "नीट मोजून दाखव. मग तुझ्या डिप्लोमाच्या फॉर्मवर सही करतो."
"खरं?"
"शब्द."
नकाशा हातात दिला तर असा धरला, जसं लहानपणी मांजराचं पिल्लू धरायची.

१३ मे, मंगळ.
निकाल. चौऱ्याऐंशी टक्के, गणितात त्र्याण्णव. पेढे आणले. मेहुण्याचा फोन : "आता सायन्सच ना?" बघू म्हटलं. 'बघू' कसं काय निघालं तोंडातून?
मोजणी परवा.

१५ मे, गुरु.
सकाळी सातला सुरुवात. गायकवाड मॅडमनी मशीन लावून दिलं आणि त्या बाजूला झाल्या. म्हणाल्या, "हिलाच करू द्या. मी फक्त तपासणार." काठी सौ.ने धरली, पदर खोचून. मशीनमागे प्राजू. बबनदादा त्याच्या खाचरात हाताची घडी घालून उभा. मी माझ्या खाचरात. मधे बांध.
दोन तास चाललं. शेवटी तिने चार खुंट्या मारल्या आणि लाल दोरी ओढली.
दोरी माझ्या खाचरात पडली. बांधापासून साडेचार फूट आत.
मी म्हटलं, "पुन्हा मोज." मोजलं. "विहिरीकडनं मोज." तिकडूनही मोजलं.
"पप्पा, तीनदा मोजलं. आपलाच बांध काकाच्यात गेलाय. मशिनला भावकी न्हाई."
बबनदादा पुढे आला नाही, ओरडला नाही. दोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

१६ मे, शुक्र.
कामावर लक्ष नाही. मशीन त्या बाईचं, ती त्याची भाडेकरू. आधीच काहीतरी करून ठेवलं असणार. शिवाय खासगी मोजणी सरकारदरबारी चालत नाही. नकाशाही जुना, कागद आक्रसतो.
हे सगळं सौ.ला सांगितलं. ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "लगीन होऊन आले तवा बांधाच्या आपल्या अंगाला ताजी कुदळ मारल्याली असायची दरसाली. मला वाटायचं, हितली रीतच आसंल."

१८ मे, रवि.
लिहू की नको. माझीच वही आहे, लिहितो.
दहावीला होतो मी. पेरणीच्या आधी वडील पहाटे मला घेऊन जायचे. बांध बबनदादाच्या अंगाने चढवत न्यायचा, आपल्या अंगाने कुदळीने तासायचा. दरवर्षी चार बोटं. कुणाच्या डोळ्यावर येत नाही. घमेलं मी भरायचो. विचारलं होतं एकदा, "आण्णा, हे आपलं हाय का?" म्हणाले, "तुला सांगितलं तेवढं कर."
नंतर विचारलं नाही. वडील गेले, बांध तासायची सवय मला लागली. पुढे सवयही गेली, आणि मग खरंच वाटायला लागलं की चोर तो. अकरा वर्षं त्याच्या दारावरून मान वळवून गेलोय मी. लाज वाटते. 

१९ मे, सोम.
प्राजूने नकाशा काढलाय. ड्रॉइंग पेपरवर, पेन्सिलीने, वर काळी शाई. बांध जिथं आहे ती रेघ तुटक, जिथं हवा ती लाल. उत्तरेचा बाण. कोपऱ्यात तिचं नाव. इतकं स्वच्छ काम मी आमच्या कंपनीच्या ड्रॉइंगमध्येही कमी बघितलंय.
म्हटलं, "छान झालाय. पेटीत ठेवू. बाहेर कुणाला दाखवू नको."
"काकाला?"
"त्याला तर नाहीच."
बोटावरची शाई पुसली. म्हणाली, "मग मी शिकू कशाला?"
मी जेवण झालं का विचारलं.

२२ मे, गुरु.
आपणहून बोलली. "पप्पा, तुमी म्हणाल तो फॉर्म भरते. सायन्स तर सायन्स. शब्द दिला म्हणून सही करू नका."
सायन्सचं नाव ऐकून मला आनंद व्हायला पाहिजे होता. महिनाभर त्यासाठीच तर टपून बसलो होतो. पहिला संशय आला की ही डाव टाकतेय, मला शरमवायला. नीट बघितलं तिच्याकडे. डाव नव्हता. डोळे सुजले होते.
पुढे म्हणाली, "पन खोटा नकाशा दुसरा काढ म्हणू नका. तेवढं मला जमायचं न्हाई."
मी दुसरा काढ म्हणालो नव्हतो. म्हणणार होतो. हे हिला कसं कळलं?
माझ्यावर वही कुणी ठेवलीय का?

२६ मे, सोम.
थोरात मॅडमचा फोन. दोन्ही फॉर्मच्या मुदती जवळ आल्यात, ठरलं का. म्हटलं, पोरीचं ठरलंय.
"मग तुमचं काय राहिलंय?"
रेंज नाही म्हणून ठेवला. रेंज होती.

२९ मे, गुरु. सुट्टी.
फॉर्म भरायला दहाला पौडला जायचं. सात वाजताच तयार बसलीय. वेणी, टोपी, कागदांची फाईल. तिने विचारलं, "कुटला भरायचा?" मी म्हटलं, "आधी चहा पी."
सौ. ओट्यापाशी उगाच भांडी वाजवतेय.
पेटी मीच उघडली. जन्मदाखला काढायचा होता, तो काढला. खाली प्राजूने काढलेला नकाशा होता. तोही काढून टेबलावर ठेवला, का ते कुणी विचारायला नको म्हणून लगेच गाडी पुसायला अंगणात आलो. खिडकीतून दिसलं, तिने तो गुंडाळला, रबर लावला, फाईलबरोबर धरला. मी घे म्हटलं नव्हतं. ठेव असंही म्हटलं नाही.
गाडी चालू करून उभा आहे, वही टाकीवर ठेवून लिहितोय. ती मागे बसली. "चला," म्हणाली.
वाटेत बबनदादाचं घर लागतं.