मैदानावर पडायचं नाही

प्रिय चेमा,

तुम्हाला मराठी येत नव्हती, म्हणूनच हे मराठीत लिहिते आहे. तुमच्याशी मी स्पॅनिशमध्ये बोलले, तुमच्या वतीने जपानीत बोलले, पण दोन्हीकडे बोलणं तुमचंच होतं. दुभाष्याच्या कामाचा नियमच तो. तुम्ही 'मी' म्हणालात की मीही 'मी'च म्हणायचं. आज पहिल्यांदाच 'मी' म्हणजे खरोखर मी, अनघा. स्पॅनिशमध्ये आपण एकेरीवर होतो, पण वयाने मोठ्या आणि आता गेलेल्या माणसाला मराठीत अरे-तुरे करायला माझी जीभ रेटत नाही. तेवढं चालवून घ्या.

लिहायचं कारण माझी लेक, रेवा. परवा ओनोचा फोन आला. तुमचा गोलकीपर ओनो. फुकुशिमाच्या किनाऱ्यावरची मुलींची टीम तुमच्यामागे तोच बघतो. त्याने रेवाला निवडलंय. तिथेच राहायचं, तिथल्याच शाळेत जायचं आणि तुम्ही शेवटची वर्षं ज्या मैदानावर काढलीत त्याच मैदानावर रोज सराव करायचा. हो की नाही ते दोन दिवसांत कळवायचं होतं. रेवा तर घरात चालतसुद्धा नव्हती, उड्याच मारत होती. मला मात्र अन्न गोड लागत नव्हतं.

मला भीती वाटते, चेमा. हे वाक्य मी दुसऱ्यांच्या वतीने इतक्यांदा बोलले आहे की स्वतःसाठी वापरताना उसनं आणल्यासारखं वाटतं.

भूकंप झाला, फुकुशिमाचं अणुवीज केंद्र फुटलं, तेव्हा रेवा कडेवर होती. आम्ही त्सुकुबात राहायचो. ओळखीतली निम्मी भारतीय कुटुंबं सामान गुंडाळून परत गेली. श्रीकांतचं प्रयोगशाळेतलं काम अर्धवट होतं म्हणून आम्ही राहिलो, शौर्यबिर्य काही नव्हतं. पालकाची जुडी कुठल्या प्रांतातली ते वाचून घ्यायची आणि शंका आली की परत ठेवायची, असे ते दिवस. अशा वेळी बाहेरून इथे नोकरीला येणारा माणूस एक तर वेडा असणार, नाही तर घरी त्याला कुणी विचारत नसणार, असं मी दुभाष्याच्या जागेसाठी फुटबॉल क्लबच्या ऑफिसात बसून मनात म्हटलं होतं.

तुम्ही आलात ते लंगडत, गुडघ्याला पट्टा बांधून. उत्तर स्पेनमधल्या कोळ्यांच्या गावातला मुलगा, दुसऱ्या श्रेणीच्या क्लबात वर्षानुवर्षं बचाव सांभाळणारा. गुडघे गेल्यावर प्रशिक्षक झालात. मेक्सिकोत एका टीमला वरच्या श्रेणीत नेलंत, ग्रीसमध्ये दुसरीने अर्ध्या मोसमात हाकललं. मग आमचा हा छोटा क्लब, कारण त्या वर्षी इथे यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. हे सगळं तुम्हीच हसत सांगितलंत. मी कोल्हापूरची, आमच्याकडे फुटबॉलवरून पेठापेठांत वैर चालतं, हे ऐकल्यावर तुम्ही मला जागेवर पक्कं केलंत. "हिला ऑफसाइड समजावून सांगायला नको," म्हणालात.

पहिली पालकसभा आठवते? रविवारी लहान मुलांचा सराव असायचा. एक बाई उठल्या, कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, "कांतोकू, एक विनंती आहे. मुलांना मैदानावर पडू देऊ नका. मला भीती वाटते." कांतोकू म्हणजे मुख्य प्रशिक्षक, हा तुम्हाला आलेला पहिला जपानी शब्द. मातीत काय उतरलंय ते कुणालाच धड माहीत नव्हतं. मुलांच्या तळहाताला, ओठांना ती लागू नये, इतकंच त्या माउलीचं म्हणणं. बाकीचे पालक खाली बघत बसले होते, म्हणजे सगळ्यांचं तेच म्हणणं होतं. मी स्पॅनिशमध्ये सांगितलं, "मला भीती वाटते." वाक्य त्यांचं होतं, पण मीही रेवाला बागेत खाली उतरवत नव्हते.

तुमची सगळी कारकीर्द घसरत जाऊन समोरच्याच्या पायातला बॉल काढून घेण्यावर उभी. आता हे भडकणार, असं मला वाटलं. तुम्ही पट्टा सोडून गुडघा चोळलात आणि म्हणालात, "मी आयुष्यभर पडलो. हे बघा त्याचं काय झालं ते. ही मुलं उभी राहून खेळतील."

आणि तसंच शिकवलंत! बचाव करणाऱ्याने घसरायचं नाही, गोलकीपरने झेप घ्यायची नाही. म्हणून सरावाला गोलच अरुंद करून घेतलात, दोन्ही बाजूंना शंकू ठेवून. दुसऱ्या क्लबचे प्रशिक्षक तोंड फिरवून हसायचे. मुलं तो मोसम सडकून हरली. तुम्ही पालकांना एक टोमणा मारला नाहीत. असं कसं जमलं तुम्हाला? घाबरलेल्या माणसाला समजावत न बसणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. माझ्या घरी तर शास्त्रज्ञ नवरा होता, तो दिवसरात्र समजावायचा.

घाबरायचात तुम्हीही. मोठ्यांचा सराव चालू असताना एकदा सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले आणि जमीन हलायला लागली. नव्या भाडेकरूंना वाटतात त्या पत्रकातलं तुमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, भूकंपात दाराच्या चौकटीत उभं राहा. मोकळ्या मैदानाच्या मधोमध, डोक्यावर पडायला काही नसताना, तुम्ही धावत जाऊन गोलच्या चौकटीत उभे राहिलात! दोन्ही हातांनी एक खांब धरलेला आणि सगळा गोल तुमच्यासकट डुलतोय. ओनो ओरडला, "कांतोकू, आधी बाहेर या." हादरे थांबले आणि ओनोला हसू फुटलं. त्याच्या आईवडिलांचं घर त्सुनामीत गेलं होतं, आईवडील तेवढे वाचले होते. त्यानंतर त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. मग सगळी टीम हसली.

मी हसले नाही. मी दोन्ही हातांनी गवत धरून बसले होते. तुम्ही जवळ येऊन विचारलंत, "तुला भीती वाटते?" मी म्हटलं, "दुभाष्याला वाटत नाही." "खोटारडी," म्हणालात आणि शिट्टी फुंकलीत.

पुढे स्पेनमधून तुमच्या जुन्या क्लबचं बोलावणं आलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. जातील, सुखात राहतील. तुम्ही काय केलंत? ओनो आपल्या गावी मुलींची टीम उभी करत होता, त्याच्या पाठोपाठ तिकडे गेलात. काय होतं तिथे? तिथल्या मैदानाची वरची माती खरवडून काळ्या पोत्यांत भरलेली, पोती कुंपणाशी रचलेली. वर नवी माती, नवं गवत. किरणोत्सर्ग मोजून बघून मैदान खुलं केलं होतं, तरी आईबाप मुलींचे हात धरून कडेला उभे. भाषांतर करायला तुम्ही मला बोलावलंत. पहिलीतली रेवा बरोबर होती.

भाषांतर करण्यासारखं तुम्ही काही बोललाच नाहीत. गोलमध्ये गेलात, ओनोला बॉल मारायला लावलात आणि साठीच्या तोंडाशी, त्या मोडक्या गुडघ्यांनिशी, आडवी झेप घेतलीत. तोंडात माती गेली. उठता येईना. तेवढ्यात रेवा माझा हात सोडून पळाली आणि तुमच्या शेजारी तशीच धाडकन आडवी झाली. मी किंचाळले ते मराठीत. तुम्ही दोघं मात्र मातीत पडून हसत होतात. त्या दिवसापासून ती गोलकीपर. आणि तो बॉल तुमच्या बोटालाही लागला नव्हता, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?

मग तुम्ही आजारी पडलात. किती दिवस लपवलंत! स्वादुपिंडाचा कॅन्सर, तो आधीच पसरलेला. हॉस्पिटलात मीच तुमच्या शेजारी होते. डॉक्टर म्हणाले, "मी खात्रीने सांगतो, त्या मातीचा याच्याशी काही संबंध नाही." मी तुमच्या डोळ्यांत बघत म्हटलं, "मी खात्रीने सांगते." माझ्या तोंडून निघालं ते, चेमा, आणि मला खात्री नव्हती. श्रीकांतनेही नंतर आलेख काढून दाखवला. मला तो कळतो. डॉक्टर बरोबरच होते, हेही कळतं. तरी ती झेप आठवली की तो आलेख मी पुन्हा काढून बघते.

तुम्ही डॉक्टरांना एकच विचारलंत. "शनिवारी मॅच आहे, मला जाता येईल का?" एवढंच.

तर त्याच मैदानावर आता माझी मुलगी पडणार. रोज, पुन्हा पुन्हा, दोन्ही बाजूंना. तुम्हाला रागावू की काय करू? काल कोल्हापूरहून आई फोनवर म्हणाली, "फुटबॉलच खेळायचा असंल तर पोरीला हिकडं पाठव की. हितं काय मैदानं न्हाईत व्हय?" श्रीकांत म्हणाला, "आकडे बघ आणि तूच ठरव." मी रेवाला म्हटलं, तिथे समुद्र आहे, जमीन हलते. ती जपानीत म्हणाली, "जमीन इथेही हलते." मग माझ्याच भाषेत विचारावं म्हणून तिने मराठी जुळवली, "आई, तुला मी पडायला नको, का जायला नको?"

मला दोन्ही नको होतं. पण जायचं तिला होतं, घाबरले होते मी.

आज सकाळी ओनोला फोन केला. पाठवते, म्हटलं. त्याने आधी तिच्या हातमोज्यांचं माप लिहून घेतलं. मग म्हणाला, "अनघा-सान, तुम्हाला भीती वाटत असेल." मी हो म्हटलं. "मलाही वाटते," तो म्हणाला. "पण माझं गाव हेच आहे." त्याने मला समजावलं नाही. हे तुमच्याकडूनच उचललंय त्याने.

चेमा, तुम्हाला एक शब्द देते. तिकडे भूकंप झाल्याचं टीव्हीवर दिसलं की पहिला फोन मी करणार नाही. रेवाच्या फोनची वाट बघेन. ती मैत्रिणींत रमली आणि विसरली, तरी बघेन. घाबरायचं सोडेन, असं मात्र कबूल करत नाही, ते व्हायचं नाही. माझी भीती तिच्याबरोबर पाठवणार नाही, एवढंच. ती इथेच, माझ्याजवळ राहील.

तुमची,
अनघा