आमच्या ओढ्याची थर्ड ऑर्डर

मु. पो. गुंजवणे, ता. वेल्हे
१२ फेब्रुवारी २००६

रा. रा. महंमदभाई यांस सावळारामाचा सलाम आणि रामरामही. आम्ही इथं जिवंत आहोत. सुखरूप म्हणवत नाही. बद्रुन्निसावहिनींचा गुडघा आता वाकतो का? तुम्ही पोस्टमनकीतून निवृत्त होऊन भोरात बसलात ते बरं केलंत, असं मला परवापर्यंत वाटत होतं. आता एक विचारतो, रागावू नका. आमच्या ओढ्याच्या पहिल्या दोन ऑर्डरी कुठं आहेत?

झालं असं, की पुण्याच्या कॉलेजातली सुलक्षणा नावाची मुलगी घडीचा कॉम्प्युटर घेऊन आली. (एस.टी.नं आली, जीपनं नाही. म्हणजे सरकारी माणूस आहे हे लपवायचं होतं.) म्हणाली, आकाशातून जमिनीची उंची मोजून ठेवली आहे, चौकोनाचौकोनाची; तिच्यावरून पाणी कुठून वाहतं ते कॉम्प्युटर काढतो. प्रत्येक चौकोन आपल्या आठ शेजाऱ्यांकडं बघतो आणि जो सगळ्यांत खाली असेल त्याच्या अंगावर पाणी ढकलतो. (हे आमच्या गावात सगळेच करतात, त्यासाठी आकाशात जायला नको.) पाणी मध्येच अडकू नये म्हणून आधी सगळे खड्डे भरून घेतले, असंही ती हसत म्हणाली. मी तसाच उठलो आणि म्हशींचं डबकं बघून आलो. डबकं जागेवर होतं, म्हशीही होत्या. तरी मोजून घेतल्या.

मग तिनं पडद्यावर आमचा ओढा दाखवला, जाड निळा. "आजोबा, तुमचा ओढा थर्ड ऑर्डरचा आहे," म्हणाली, जशी काही पेढेच वाटायला आली होती. धरणात आमच्या बहिणीचं, रतनबाईचं, घर उठलं तेव्हाही आधी मोजणी, मग कागद, मग टेम्पो. इथं तर तिसरी ऑर्डर निघाली आणि मला पहिलीचा पत्ता नाही! विचारलं, पहिली कुठं निघाली? म्हणाली, वर डोंगरात, झरे फुटतात तिथं. दोन पहिल्या मिळाल्या की दुसरी होते, दोन दुसऱ्या मिळाल्या की तिसरी. मी म्हटलं, बाई, मला तर एकही मिळाली नाही.

आमची चंद्राबाई चुलीपासून ओरडली, "अवो, ती पान्याचं सांगतीया, तुमी कागदाचं काय घिऊन बसलाय?" तिला कागदाची भीती नाही, कारण सही माझी लागते.

याहून वाईट पुढं आहे. ती निळी रेघ ओढ्यावरून गेलीच नाही. ती माझ्या मोठ्या खाचराच्या मधोमध, भातातून गेली आहे. ओढा शेजारच्या गेनूच्या बाजूनं वाहतो आणि दर साली त्याचा बांध खातो, हे अख्खं गाव जाणतं. मुलीनं मान वाकडी करून विचारलं, पूर्वी ओढा इथून जायचा का हो? मी म्हटलं, कधीच नाही. गेनू बशीतला चहा ओढत बसला होता. तो म्हणाला, "मशीन खोटं बोलतं व्हय?" आणि बशी खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिला. खाचर गेलं तर या वयात मी खाऊ काय, महंमदभाई?

तेव्हा माळ्यावरची तुमची जुनी टपालाची पिशवी उलटी करून नीट झटका. दोन कागद निघतील.

आपला,
सावळाराम

ता. क. पिशवीचं राहू द्या. खरं विचारायचं ते हे. ज्या उन्हाळ्यात तुमचे अब्बा आमच्या बैलांच्या खुरांना पत्री, म्हणजे नाल, मारायला आले होते, तेव्हा माझ्या वडिलांनी दगडांची आडवण घालून ओढा गेनूच्या बाजूला वळवला. दगड उचलायला आपण दोघंच होतो. वडील गेले, अब्बा गेले. मी आजवर अवाक्षर काढलेलं नाही. मग त्या आकाशातल्या यंत्राला हे कुणी सांगितलं?

आणखी एक. टपालावर भरवसा उरला नाही, म्हणून हे पत्र भोरला निघालेल्या गेनूच्याच हाती देतो आहे. त्याला वाचता येत नाही, असं तो म्हणतो. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलं आहे. शितं सुटलेली दिसली तर उत्तर लिहीत बसू नका, मिळेल त्या एस.टी.नं निघून या. त्याच्यासमोर माझ्याच्यानं एकट्यानं बसवणार नाही.